पीएससी आणि जनुकं: आजाराचा वेग चाचणीतून कळतो का, आणि कुठली चाचणी खरंच कामाची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: धाकटा भाऊ, वय ३४, त्याला काही वर्षांपासून अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याचा दीर्घकाळचा दाह, आहे. आता रक्तात अल्कलाइन फॉस्फेटेज हे पित्तनलिकांच्या त्रासात चढणारं विकर वाढलेलं आलं. एमआरसीपीत, म्हणजे पित्तनलिकांच्या एमआरआयमध्ये, नलिका जागोजागी अरुंद आणि मध्येच फुगलेल्या दिसल्या, आणि प्रायमरी स्क्लेरोझिंग कोलॅन्जायटिस, म्हणजे पीएससी, असं निदान झालं; यात पित्तनलिका दाहाने कडक आणि अरुंद होत जातात. जनुकीय चाचणी केली तर आजार किती वेगाने वाढेल हे कळेल का? तुम्हा भावंडांना आणि मुलांना धोका किती? आणि उद्या प्रत्यारोपणाची वेळ आली तर तुम्ही यकृताचा भाग देऊ शकाल का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर नाही असंच आहे. एका रुग्णाची पुढची दहा वर्षं कशी जातील हे सांगणारी जनुकीय चाचणी आज उपलब्ध नाही. कुणी तशी विकत असेल तर घेऊ नका. पण जनुकांची माहिती उपचारात नेमकी कामाला येते अशा तीन जागा आहेत: निदान खरंच पीएससीचंच आहे ना हे बघताना, सीए १९-९ या कर्करोगाच्या संशयासाठी करायच्या रक्तचाचणीचा आकडा वाचताना, आणि अझाथायोप्रिन हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध सुरू करायच्या आधी. या तिन्हींकडे बऱ्याचदा लक्ष जात नाही, आणि 'पुढे काय होईल' हे सांगणाऱ्या, अनेक जनुकं एकत्र तपासणाऱ्या महागड्या पॅनेलमागे मात्र लोक धावतात.

आधी 'नाही' का ते सांगतो. आजार होण्याची शक्यता वाढवणारी जनुकं आणि झालेला आजार पुढे कसा जाईल हे ठरवणारी जनुकं वेगवेगळी असतात. पहिल्या प्रकारची बऱ्यापैकी सापडली आहेत. सगळ्यात मोठा वाटा सहाव्या गुणसूत्रावरच्या एचएलए भागाचा आहे; प्रतिकारशक्ती आपलं-परकं कसं ओळखते ते हा भाग ठरवतो. बी-०८ आणि डीआर-३ हे प्रकार असलेल्यांत पीएससी जास्त दिसतं. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात ४,७९६ रुग्ण आणि जवळपास २० हजार इतर लोकांची तुलना झाली, आणि आता जनुकसंचातल्या वीसहून अधिक जागांचा पीएससीशी संबंध माहीत आहे. त्यातल्या बहुतेक प्रतिकारशक्तीच्या पेशींशी निगडित आहेत. प्रत्येक जागेचा परिणाम लहान. यातले अनेक प्रकार निरोगी माणसांतही सर्रास असतात, त्यामुळे एचएलए टायपिंग करून पीएससी 'निघत' नाही आणि वगळताही येत नाही.

त्याच अभ्यासातली एक गोष्ट तुमच्या भावासाठी महत्त्वाची आहे. पीएससी आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस यांचं जनुकीय साम्य अपेक्षेपेक्षा कमी निघालं, कोलायटिस आणि क्रोन्स (आतड्याचा दुसरा दाहाचा आजार) यांच्यात जेवढं असतं त्याच्या साधारण निम्मं. दवाखान्यातही तेच दिसतं. पीएससीसोबतचा कोलायटिस हा वेगळ्या वळणाचा असतो: सगळं मोठं आतडं धरलेलं, उजव्या बाजूला जास्त, गुदाशय पुष्कळदा सुटलेला, आणि तक्रारी फार कमी. पोट शांत आहे म्हणून आतडं शांत आहे असं इथे समजू नये. या जोडीत मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका नुसत्या कोलायटिसपेक्षा जास्त असतो. म्हणून पीएससीचं निदान झाल्या दिवसापासून दर वर्षी कोलोनोस्कोपी करायची. 'आठ वर्षं झाल्यावर सुरू करू' हा साध्या कोलायटिसचा नियम इथे लागू नाही.

आता आजाराच्या वेगाबद्दल. गंभीरपणे घ्यावा असा एक अभ्यास 'गट' (Gut) या इंग्रजी वैद्यकीय नियतकालिकात २०१८ मध्ये आला. ३,४०२ रुग्णांचे नमुने तपासून आरएसपीओ-३ या जनुकाजवळचा एक बदल प्रत्यारोपणाविना जगण्याच्या काळाशी जोडला गेला. त्या बदलाच्या दोन्ही प्रती असलेल्यांत निदानानंतर दहा वर्षांनी प्रत्यारोपणाशिवाय जिवंत असलेले सुमारे ५१ टक्के होते, एकही प्रत नसलेल्यांत सुमारे ७३ टक्के. हे जनुक ज्या संदेशसाखळीत काम करतं ती यकृतात तंतू तयार करणाऱ्या पेशींपर्यंत जाते, म्हणजे शोध जैविकदृष्ट्याही पटणारा आहे. मग ही चाचणी का करायची नाही? कारण ५१ आणि ७३ हे गटाचे आकडे आहेत. वाईट गटातल्या निम्म्या लोकांचं दहा वर्षांत काही बिघडलं नाही, आणि चांगल्या गटातल्या चौथाई लोकांचं बिघडलं. नमुने मुख्यतः युरोपीय वंशाच्या रुग्णांचे होते. आणि सगळ्यात महत्त्वाचं, उत्तर काहीही आलं तरी भावाच्या उपचारात एका गोळीचाही फरक पडणार नाही.

याआधीही दावे झाले होते. डीआर-३ आणि डीक्यू-२ एकत्र असलेल्यांत आजार वेगाने वाढतो असं युरोपातल्या २००१ च्या अभ्यासात दिसलं. एमएमपी-३ आणि पित्तक्षार ओळखणाऱ्या काही ग्राहकांच्या (रिसेप्टरच्या) जनुकांबद्दलही असं लिहिलं गेलं. यातलं रोजच्या वापरात काहीच टिकलं नाही, आणि त्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. पीएससी दुर्मीळ आहे, त्यामुळे रुग्ण मोठ्या प्रत्यारोपण केंद्रांतून गोळा होतात, आणि तिथे मुळात जास्त आजारी माणसंच पोचतात. नेदरलँड्समध्ये एका भूभागातले सगळे रुग्ण मोजले तेव्हा निदानापासून प्रत्यारोपण किंवा पीएससीमुळे मृत्यू होईपर्यंतचा मध्यक काळ २१.३ वर्षं आला. त्याच देशातल्या फक्त प्रत्यारोपण केंद्रांतल्या रुग्णांत तो १३.२ वर्षं होता. आजार तोच, फरक फक्त मोजायला कुठे उभं राहिलं याचा. इंटरनेटवर 'दहा-बारा वर्षं' हा आकडा वाचून तुम्ही घाबरला असाल तर तो बहुधा असाच कुठून तरी आलेला आहे.

भावाचा वेग ओळखायचा तर पुढच्या गोष्टी जनुकांपेक्षा कितीतरी जास्त सांगतात. अल्कलाइन फॉस्फेटेज कमाल मर्यादेच्या दीडपटीच्या खाली येऊन टिकतं का. फायब्रोस्कॅनचा, म्हणजे यकृताचा कडकपणा मोजणाऱ्या तपासणीचा, आकडा: ९.६ किलोपास्कलच्या वर गेला की तंतुमयता गंभीर समजतात, १४.४ च्या वर सिरोसिस. पण नळीत अडथळा असताना, काविळीत किंवा तापात फायब्रोस्कॅन केला तर आकडा खोटा चढतो. अडथळा मोकळा झाल्यावर, तीन तास उपाशी राहून, दर वेळी शक्यतो त्याच मशिनवर करायचा. आजार फक्त बारीक नलिकांत असेल तर वाटचाल सहसा बरी असते. सात हजारांहून अधिक रुग्णांच्या २०१७ च्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात तरुण वयात निदान झालेले, स्त्रिया आणि बारीक नलिकांचा आजार असलेले यांची वाटचाल तुलनेने चांगली होती. कोलायटिस असलेल्या पुरुषांवर जास्त बारीक लक्ष हवं, हे मात्र खरं.

आता जिथे जनुकं कामाची आहेत तिथे येऊ.

पहिली जागा: पीएससीसारखं दिसणारं दुसरं काही. पित्तातले पित्तक्षार हे डिटर्जंट असतात, ते पेशींची आवरणं विरघळवू शकतात. त्यांची धार बोथट करायला यकृतपेशी पित्तात फॉस्फोलिपिड सोडते, आणि ते बाहेर टाकणारा पंप एबीसीबी-४ या जनुकावरून तयार होतो. पंप कमकुवत असेल तर पित्त नलिकांच्या भिंती जाळतं. हे जनुक बंद केलेल्या उंदरांना स्क्लेरोझिंग कोलॅन्जायटिसच होतो. माणसात दोन्ही प्रती बिघडल्या तर लहानपणीच गंभीर आजार होतो. एकच प्रत बिघडली तर मोठेपणी सौम्य रूपं दिसतात: वयाच्या चाळिशीआधी पित्ताचे खडे, पित्ताशय काढल्यावरही तशाच कळा परत येणं, सोनोग्राफीत यकृताच्या आतल्या नलिकांत चमकणारे ठिपके, बाईला गरोदरपणात तीव्र खाज. बारीक नलिकांचं पीएससी म्हणून नोंदलेल्या काही रुग्णांत खरा दोष हा असतो. फरक महत्त्वाचा आहे, कारण इथे पित्तावरचं औषध उर्सोडिऑक्सिकोलिक अ‍ॅसिड खरोखर काम करतं. खड्यांच्या प्रकारात वजनाच्या दर किलोला ५ ते १० मिलिग्रॅम रोज एवढ्यावरही कळा थांबतात. पीएससीत याच औषधाचा फायदा मर्यादित आहे. कुणी दिलं तर किलोमागे रोज १५ ते २० मिलिग्रॅमच्या पुढे जायचं नाही, कारण २८ ते ३० मिलिग्रॅमच्या मात्रेत प्लासिबोपेक्षा परिणाम वाईट आले होते. म्हणजे ६० किलोच्या माणसाला रोज १८०० मिलिग्रॅम कुणी लिहून दिलं तर तिथेच थांबून विचारा.

तुमच्या भावाला कोलायटिस आहे आणि मोठ्या नलिकांत ठळक बदल आहेत, त्यामुळे त्याच्यात हा दोष निघण्याची शक्यता कमी. पॅनेल सरसकट करू नका. मात्र वर सांगितलेली एखादी खूण त्याच्यात किंवा घरात असेल, आई किंवा बहिणीला गरोदरपणात खाज, तरुणपणी खडे, किंवा आईवडिलांचं लग्न मामाच्या मुलीशी वगैरे नात्यात झालं असेल, तर करावं. कोलेस्टेसिस (पित्त तुंबण्याच्या आजारांचं) पॅनेल मागायचं, ज्यात एबीसीबी-४ सोबत एबीसीबी-११, एटीपी-८बी-१, टीजेपी-२ आणि सीएफटीआर असतात. जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए नळीत दोन-तीन मिली रक्त लागतं, उपाशी राहायची गरज नाही, रिपोर्टला काही आठवडे लागतात. मोठे तुकडे गळालेले असतील तर साध्या सिक्वेन्सिंगमध्ये निसटू शकतात, म्हणून प्रयोगशाळेला विचारून घ्या की गळालेले किंवा दुप्पट झालेले भाग तपासतात का.

रिपोर्टमध्ये सगळ्यात जास्त गोंधळ 'अनिश्चित महत्त्वाचा बदल' या ओळीने होतो. ज्या जनुकीय माहितीच्या साठ्यांशी तुलना करतात त्यांत भारतीय लोक कमी असल्यामुळे आपल्याकडचे कित्येक निरुपद्रवी बदल या खान्यात पडतात. अशा बदलावर निदान बदलायचं नाही. आईवडिलांची तपासणी करून तो कुणाकडून आला आणि त्यांना काही त्रास आहे का हे बघायचं.

हा विषय निघालाच आहे तर, आपल्याकडे पीएससीचा शिक्का मारण्याआधी जनुकांशी संबंध नसलेल्या दोन गोष्टी वगळणं जास्त गरजेचं आहे. आतड्याकडून यकृतात रक्त नेणारी पोर्टल शीर बंद पडून तिच्याभोवती फुगलेल्या शिरा पित्तनलिकांवर दाब देतात तेव्हा एमआरसीपी हुबेहूब पीएससीसारखी दिसू शकते. त्यासाठी पोर्टल शिरेची डॉप्लर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) बघा. आणि रक्तातलं आयजीजी-४ हे प्रतिपिंड एकदा तरी तपासा, कारण ते वाढून होणारा, पीएससीसारखाच दिसणारा पित्तनलिकांचा आजार स्टेरॉइडने पुष्कळ सुधारतो. नेमक्या पीएससीच्याही दहातल्या एकात आयजीजी-४ थोडं वाढलेलं असतं, म्हणून नुसत्या किंचित वाढीवर स्टेरॉइड सुरू होता कामा नये.

दुसरी जागा: सीए १९-९. पीएससीत पित्तनलिकेच्या कर्करोगाची भीती असते, म्हणून अनेक ठिकाणी दर वर्षी एमआरसीपीसोबत ही रक्तचाचणी करतात. बहुतेकांना माहीत नसतं की हा आकडा कर्करोग नसतानाही जनुकांवर ठरतो. सीए १९-९ हा मुळात लुईस रक्तगटाचा साखररेणू आहे. तो तयार करायला एफयूटी-३ हे जनुक लागतं. साधारण ५ ते १० टक्के लोकांत ते कामच करत नाही. त्यांच्यात कर्करोग झाला तरी आकडा जवळपास शून्यच राहतो. उलट एफयूटी-२ हे दुसरं जनुक त्याच कच्च्या मालावर हक्क सांगतं. ते निकामी असलेल्यांत सगळा माल सीए १९-९ कडे वळतो आणि आकडा निरोगी असतानाही चढा असतो. जर्मनी आणि नॉर्वेच्या संशोधकांनी २०१३ मध्ये पीएससीच्या रुग्णांत हे मोजलं. दोन्ही जनुकं चालू असलेल्यांत कर्करोगाचा संशय घेण्याची योग्य मर्यादा ९० च्या आसपास आली, आणि एफयूटी-२ बंद असलेल्यांत २०० च्या आसपास. प्रयोगशाळेच्या रिपोर्टवर मात्र सगळ्यांसाठी ३७ छापलेलं असतं.

इथे पॅनेलचीही गरज नाही. मोठ्या रक्तपेढीत लुईस रक्तगट काढून मिळतो. लुईस-ए आणि लुईस-बी (नेहमीचे ए, बी रक्तगट नव्हेत) दोन्ही नकारात्मक आले, तर सीए १९-९ वर अजिबात विसंबायचं नाही; त्या माणसाची पाळत फक्त एमआरसीपीवर आणि गरज पडल्यास ईआरसीपीतून (तोंडातून दुर्बीण घालून पित्तनलिकेपर्यंत जाण्याच्या प्रक्रियेतून) ब्रशने घेतलेल्या पेशींच्या नमुन्यावर. फक्त लुईस-ए सकारात्मक असेल तर एफयूटी-२ बंद आहे, आकडा मुळातच चढा असणार. लुईस-बी सकारात्मक असेल तर दोन्ही जनुकं चालू. नमुना ताजा हवा. गेल्या तीन महिन्यांत रक्त चढवलं असेल तर निकाल फसवा येतो, आणि गरोदरपणात हे रेणू तात्पुरते नाहीसे होतात, तेव्हा बाळंतपणानंतर करा. आयुष्यात एकदा करून फाईलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवायची ही गोष्ट आहे. आणि गट कुठलाही असो, काविळीत किंवा नळीत पू झालेला असताना काढलेला आकडा वाचू नका. अडथळा मोकळा करून काही आठवड्यांनी परत काढा.

तिसरी जागा: अझाथायोप्रिन. ते पीएससी थांबवत नाही, पण सोबतच्या कोलायटिससाठी किंवा ऑटोइम्यून हिपॅटायटिसची (स्वतःच्याच प्रतिकारशक्तीमुळे होणाऱ्या यकृतदाहाची) जोड असेल तर दिलं जातं. पाश्चात्त्य पुस्तकांत आधी टीपीएमटी हे औषध शरीरात मोडणारं जनुक तपासायला सांगतात. भारतीय माणसांत त्याहून महत्त्वाचं जनुक एनयूडीटी-१५ आहे. साधारण दहातल्या एकाकडे त्याची एक बिघडलेली प्रत असते. दोन्ही प्रती बिघडलेल्या माणसाला नेहमीची मात्रा, किलोमागे दोन ते अडीच मिलिग्रॅम, दिली तर पहिल्या काही आठवड्यांतच पांढऱ्या पेशी धोकादायकरीत्या खाली येतात आणि केस पुंजक्यांनी गळतात. अशा माणसाला कोलायटिससाठी हे औषध द्यायचंच नाही. एक प्रत बिघडलेली असेल तर कमी मात्रेने सुरुवात करून हळूहळू वाढवायचं. टीपीएमटी नॉर्मल आहे म्हणून निर्धास्त राहणं ही इथली नेहमीची चूक. चाचणी चांगली आली तरी पहिला महिना दर आठवड्याला आणि पुढचे दोन महिने पंधरा दिवसांनी सीबीसी करायचीच.

आता घरातल्यांचा प्रश्न. स्वीडनच्या मोठ्या नोंदवहीत रुग्णांच्या भावंडांत आणि मुलांत धोका सुमारे ११ पट आढळला. ऐकायला भीतीदायक, पण मूळ आजारच उत्तर युरोपात लाखात दहा-पंधरा जणांना असतो. अकरा पट करूनही शंभर भावंडांतल्या नव्याण्णवांना तो होत नाही. पीएससी एका जनुकाने पिढीतून पिढीत उतरणारा आजार नाही. म्हणून लक्षणं नसलेल्या मुलांची एमआरसीपी किंवा जनुकं तपासू नका. खाज, काविळ, रक्तमिश्रित जुलाब असं काही झालं तरच यकृताच्या चाचण्या करा. वाढत्या मुलांत हाडांमुळे अल्कलाइन फॉस्फेटेज मुळात जास्त असतं, त्यामुळे त्यांच्यात जीजीटी हे हाडांतून न येणारं यकृताचं विकर बघायचं.

भावात एबीसीबी-४ चा दोष निघाला तर हिशेब पूर्ण बदलतो. मग त्या एका ठरावीक बदलासाठी भावंडांची स्वस्तात तपासणी होते, आणि तुमच्या बहिणीला सापडला तर तिने गरोदरपणात खाज सुटताच रक्तातले पित्ताम्ल (म्हणजे पित्तक्षारच) मोजायला हवेत. ते १०० मायक्रोमोलच्या वर गेले तर पोटातल्या बाळाला धोका वाढतो. एस्ट्रोजेनच्या गोळ्या घेण्याआधीही तिने डॉक्टरांना हे सांगायला हवं.

तुम्ही दाता होऊ शकता का? आपल्याकडे बहुतेक यकृत प्रत्यारोपणं जिवंत नातेवाइकाकडून होतात, म्हणून हा प्रश्न खरा आहे. नव्या यकृतात पीएससी परत येण्याचं प्रमाण साधारण पाचातल्या एकात असतं. जपानमधल्या अभ्यासांत सख्ख्या नातेवाइकाचं यकृत मिळालेल्यांत ते जास्त दिसलं, आणि सामायिक जनुकं हे त्याचं संभाव्य कारण मानलं जातं. इतरत्र हा फरक तितका स्पष्ट दिसलेला नाही. माझं मत असं: बायको किंवा दुसरा योग्य दाता तितकाच सुरक्षित उपलब्ध असेल तर त्याला आधी पसंती द्यावी. तसा कुणी नसेल तर भावंड आहे म्हणून प्रत्यारोपण लांबवू नये. आजार परत येण्याची शक्यता त्याला वाट पाहायला लावण्यापेक्षा कमी वाईट आहे. फक्त तुमच्या तपासणीत एमआरसीपी आणि जीजीटी काळजीपूर्वक बघून घ्यायला सांगा, आणि तुम्हाला आतड्याच्या काही तक्रारी असतील तर लपवू नका.

या महिन्यात भावासाठी करायचं ते एवढंच: पोर्टल डॉप्लर, आयजीजी-४, लुईस रक्तगट, पायाभूत फायब्रोस्कॅन, सगळ्या आतड्याच्या बायोप्सीसह कोलोनोस्कोपी, हाडांची घनता, ड जीवनसत्त्व. सोनोग्राफीत पित्ताशयात ८ मिलिमीटर किंवा त्याहून मोठा पॉलिप दिसला तर पित्ताशय काढण्याबद्दल शल्यविशारदाचं मत घ्या. अझाथायोप्रिनचा विषय निघाला तरच एनयूडीटी-१५. आणि थंडी वाजून ताप, उजव्या बरगडीखाली दुखणं, डोळे पिवळे होणं यातलं काहीही सुरू झालं तर रिपोर्टची किंवा पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी ईआरसीपीची सोय असलेल्या रुग्णालयात न्या, आणि अँटिबायोटिक सुरू करण्याआधी ब्लड कल्चर घ्यायला सांगा.